पडद्यावरचा पॅच आणि तो पुसणारी कॉइल



या स्मरणिकेतल्या बहुतेक लेखांत शाळेच्या आठवणी असतील, आणि त्या असाव्यातच. हा लेख मात्र एका छोट्या वस्तूच्या इतिहासाचा आहे. ही वस्तू आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात वीस-पंचवीस वर्षे होती, पण ती पाहिली फक्त टीव्ही मेकॅनिकने. रंगीत टीव्हीचे मागचे झाकण उघडले की पिक्चर ट्यूबच्या कडेने काळ्या टेपमध्ये गुंडाळलेले तारेचे एक जाड वेटोळे दिसायचे. तिचे नाव डिगॉसिंग कॉइल. टीव्ही चालू करताच पहिल्या सेकंदाला जो 'धुम्म' असा दबका आवाज यायचा, तो हिचा. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा काही मॉनिटरच्या मेनूत 'डिगॉस' नावाची सोयच असायची. ती दाबली की चित्र थरथरायचे आणि पुन्हा स्थिर व्हायचे. ते नेमके कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नसे.

विषय आज काढण्याचे कारण असे, की व्हिडिओ गेम पार्लरमधली जुनी यंत्रे आता लोक हौसेने शोधून दुरुस्त करून घेऊ लागले आहेत. अशी यंत्रे माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हटकून निघतो. पडद्यावर एका कोपऱ्यात हिरवट, दुसऱ्या कोपऱ्यात जांभळट डाग पडलेला असतो. आमच्या भाषेत 'पॅच'. तो घालवण्यासाठी यंत्रात मुळात नसलेले डिगॉसिंगचे सर्किट बसवावे का? मालकाला चित्र स्वच्छ हवे असते आणि यंत्र 'ओरिजिनल' राहायलाही हवे असते. या दोन मागण्यांचा मेळ कसा घालायचा, याचे उत्तर मला सर्किट डायग्रामपेक्षा इतिहासात जास्त सापडले. म्हणून हा खटाटोप.

गॉस हे नाव आणि आपला कुलाबा

'डिगॉसिंग' या शब्दात एका माणसाचे नाव दडलेले आहे. कार्ल फ्रीडरिख गॉस हा जर्मनीतल्या गॉटिंगेनचा गणिती. १८३२ साली त्याने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता लांबी, वस्तुमान आणि वेळ यांच्या एककांत मोजण्याची पद्धत मांडली. त्याच्या आणि विल्हेल्म वेबरच्या पुढाकाराने जगात ठिकठिकाणी एकाच वेळी चुंबकीय नोंदी घेण्याची चळवळ सुरू झाली. चुंबकीय क्षेत्राच्या एका एककाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

या चळवळीची एक शाखा थेट आपल्या दारापर्यंत आली. मुंबईची कुलाबा वेधशाळा १८२६ सालची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे जे प्रचंड चुंबकीय वादळ झाले, त्याच्या कुलाब्यातल्या नोंदी आजही शास्त्रज्ञ अभ्यासतात. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहाने वेधशाळेतली नाजूक उपकरणे बिघडली असती. म्हणून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेध अलिबागला हलवण्यात आले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधली. १९०४ पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या. विजेची ट्राम मुंबईत धावली ती १९०७ साली.

ही गोष्ट मी सांगतो ती निव्वळ अभिमानासाठी नाही. अलिबागचे आकडे आमच्या कामाला उपयोगी पडतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडवे आणि उभे अशा दोन घटकांत मोजतात. आपल्या भागात आडवा घटक सुमारे ०.३८ गॉस आहे आणि उभा साधारण त्याच्या निम्मा. लंडनला हेच उलटे आहे. तिथे उभा घटक ०.४५ गॉसच्या आसपास, तर आडवा ०.२ च्या आत. म्हणजे पिक्चर ट्यूबचे तोंड उत्तरेकडून पूर्वेकडे फिरवले, तर लंडनपेक्षा आपल्याकडे ट्यूबला तो बदल जास्त जाणवतो. घरात टीव्हीची जागा बदलली की रंग बिघडायचे ते यामुळे. ट्यूब बनवणारे कारखानेही उत्तर गोलार्ध, दक्षिण गोलार्ध आणि विषुववृत्ताजवळचा प्रदेश असा विचार करून माल वेगवेगळा जुळवत असत.

शब्द जन्मला तो युद्धात

गॉसच्या नावाचे क्रियापद झाले १९३९ मध्ये, आणि त्याला कारण ठरले जर्मनीचे चुंबकीय सुरुंग. हे सुरुंग समुद्राच्या तळाशी पडून राहत. जहाजाने त्यांना धडकण्याची गरजच नव्हती. पोलादी जहाज डोक्यावरून गेले की तिथल्या चुंबकीय क्षेत्रात किंचित फरक पडायचा, तेवढ्याने सुरुंग फुटायचा.

जहाज चुंबक का बनते, हे आपण शाळेत शिकलो आहोत. लोखंड एका दिशेत ठेवून ठोकत राहिले की पृथ्वीच्या क्षेत्रामुळे ते हळूहळू चुंबक बनते. जहाज गोदीत महिनोन्महिने एकाच दिशेला तोंड करून उभे असते आणि हजारो रिव्हेट ठोकून बांधले जाते. पाण्यात उतरते तेव्हा ते एक अजस्र चुंबक झालेले असते.

२१ नोव्हेंबर १९३९ रोजी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, फर्थ ऑफ फोर्थमध्ये, एचएमएस बेलफास्ट ही क्रूझर अशाच सुरुंगाने जायबंदी झाली. तिच्या दुरुस्तीला जवळजवळ तीन वर्षे लागली. नंतर दोनच दिवसांनी नशिबाने हात दिला. जर्मन विमानाने टाकलेला एक सुरुंग टेम्सच्या मुखाशी शूबरीनेस येथे ओहोटीच्या चिखलात सापडला. जॉन ओव्हरी या नौदल अधिकाऱ्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो जागेवरच निकामी केला. एक चूक झाली असती तर लेखातले हे वाक्य वेगळे असते. सुरुंगाचे पोट उघडल्यावर तो कशाने फुटतो ते कळले आणि उपायाला दिशा मिळाली.

उपाय शोधणाऱ्यांत चार्ल्स गुडइव्ह हा मूळचा कॅनडाचा रसायनशास्त्रज्ञ होता. जहाजाभोवती तांब्याची केबल गुंडाळायची आणि तिच्यातून वीज सोडून जहाजाचे चुंबकत्व मारून टाकायचे, ही युक्ती. सुरुंगाची संवेदनशीलता गॉसच्या एककात मोजत, म्हणून गुडइव्हने या कामाला 'डिगॉसिंग' असे नाव दिले. ज्या जहाजांना कायमची केबल बसवायला वेळ नव्हता, त्यांच्या बाजूने जाड केबल ओढत नेऊन, तिच्यातून मोठा प्रवाह सोडून, चुंबकत्व तात्पुरते पुसले जायचे. त्याला खलाशी 'वायपिंग' म्हणत. पुसणेच ते.

यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही केबल जहाजाच्या मूळ आराखड्यात नव्हती. ती नंतर, गरज पडली म्हणून, आधीच बांधलेल्या जहाजांवर बाहेरून चढवली गेली. आणि म्हणून ती जहाजे कोणी खोटी ठरवली नाहीत.

तीन रंग, एक जाळी

आता पडद्याकडे वळू. कॅथोड किरणांच्या नळीवर चमकता ठिपका हलवून दाखवणारे उपकरण फर्डिनांड ब्राऊन याने १८९७ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे बनवले. त्यावरून पुढे काळा-पांढरा टीव्ही आला. त्यात एकच इलेक्ट्रॉन गन आणि आत एकसारखा लेप. बाहेरच्या चुंबकत्वाने चित्र थोडे सरकले तरी रंग बिघडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रंगच नव्हते.

रंगीत ट्यूब अमेरिकेतल्या आरसीए कंपनीने १९५० मध्ये जाहीरपणे दाखवली आणि १९५४ मध्ये ती बाजारात आणली. तिच्यात तीन गन असतात, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनला रंग नसतो. रंग असतो पडद्याच्या आतून लावलेल्या लेपाच्या बारीक ठिपक्यांना किंवा पट्ट्यांना. लाल गनचा किरण फक्त लाल ठिपक्यावरच पडावा म्हणून पडद्याच्या आत साधारण सेंटीमीटरभर अंतरावर पातळ पोलादी पत्र्याची जाळी असते. लाखो छिद्रांची ही जाळी म्हणजे शॅडो मास्क. तीन किरण तीन वेगळ्या कोनांतून एकाच छिद्रात शिरतात आणि पलीकडे आपापल्या ठिपक्यावर पडतात.

म्हणजे सगळा खेळ कोनाचा आहे. पृथ्वीचे अर्धा गॉसही नसलेले क्षेत्र इलेक्ट्रॉनच्या किरणाला ट्यूबच्या लांबीत काही मिलिमीटर वाकवते. सगळेच चित्र तेवढे सरकले तर कोणाला कळणारही नाही. पण कोन बदलल्यामुळे जाळी ओलांडल्यानंतरच्या शेवटच्या सेंटीमीटरभर प्रवासात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका फरक पडला, तरी लाल किरण शेजारच्या हिरव्या ठिपक्याला चाटून जातो. झाला पॅच.

त्यात जाळी पोलादी. जवळ लाउडस्पीकरचा चुंबक आला, मुलांनी पडद्याला चुंबक लावून गंमत केली, किंवा संच बरेच दिवस एका दिशेत राहून मग हलवला, की जाळी स्वतःच चुंबक बनते. जहाजाचाच रोग, छोट्या आकारात. उपायही त्याच घराण्यातला निघाला. सुरुवातीच्या रंगीत टीव्हीला मेकॅनिक घरी येऊन हातातली गोल कॉइल पडद्यासमोर फिरवून जायचा. पुढे १९६०च्या दशकात हे काम संचातच आपोआप व्हावे म्हणून ट्यूबभोवती कायमची कॉइल बसवू लागले. इथेही कॉइल मागाहूनच आली.

काम कसे चालते, तेही सांगतो. कॉइलमधून मेनची एसी वीज सोडतात. क्षेत्राची दिशा सेकंदाला शंभर वेळा उलटते, तसे जाळीचे चुंबकत्वही उलटसुलट होत राहते. प्रवाह हळूहळू कमी करत नेला की प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान होते, जसा झोका देणे बंद केल्यावर झोपाळा हेलकावे घेत शांत होतो. शेवटी जाळीवरचा जुना ठसा निघून जातो. गंमत अशी, की हे सगळे पृथ्वीच्या क्षेत्रातच घडत असल्यामुळे जाळी पूर्ण कोरी होत नाही. ती त्या जागेच्या क्षेत्राला तोंड देईल इतके चुंबकत्व स्वतःत घेऊन बसते आणि आतल्या किरणांना झाकते. म्हणून डिगॉसिंग यंत्र ज्या जागी, ज्या दिशेला ठेवायचे, तिथेच करावे लागते. दुकानात करून घरी नेले तर निम्मे काम वाया जाते.

पार्लरमधला पडदा

गेमच्या यंत्रांचा इतिहास काळ्या-पांढऱ्या पडद्यानेच सुरू झाला. १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावच्या एका बारमध्ये अटारी कंपनीने 'पाँग'चे पहिले यंत्र ठेवले. त्याच्या पेटीत दुकानातून आणलेला हिताचीचा साधा टीव्हीच बसवला होता. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रांत पडदा काळा-पांढराच होता. रंग दिसावेत म्हणून त्यावर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या लावलेल्या असत. अशा पडद्यांना डिगॉसिंगची गरजच नव्हती.

१९७९ चा 'गॅलॅक्सियन' आणि १९८० चा 'पॅकमॅन' यांच्यापासून खरा रंगीत पडदा रूढ झाला आणि त्याच्याबरोबर पॅचही. शिकागोची वेल्स-गार्डनर, कॅनडाची इलेक्ट्रोहोम, जपानची नानाओ या कंपन्या खास पार्लरसाठी मॉनिटर बनवत. आतली ट्यूब टीव्हीसारखीच असायची, पण जगणे वेगळे. दिवसाचे बारा-चौदा तास चालू, बंद लाकडी पेटीत उकाडा, वर लाउडस्पीकर, आणि पडद्यावर तेच ते चित्र. वर्षानुवर्षे 'पॅकमॅन' चाललेल्या ट्यूबवर यंत्र बंद असतानाही चक्रव्यूहाच्या भिंती दिसतात. तो ठसा लेप जळाल्याचा असतो, तो कोणत्याही कॉइलने जात नाही.

शिवाय 'पॅकमॅन'सारख्या गेममध्ये ट्यूब उभी बसवलेली असे. गेम जुना झाला की मालक पेटी तीच ठेवून आतला बोर्ड बदलायचा, आणि नवा गेम आडवा असेल तर ट्यूब नव्वद अंशांनी फिरवायचा. फिरवली की पृथ्वीच्या क्षेत्राशी जमलेले नाते तुटले. ज्या मॉनिटरला कॉइल होती त्यातही अनेकदा तिचा प्लग काढून ठेवलेला सापडतो किंवा तिचा पीटीसी फुटलेला असतो. त्यामुळे जुन्या यंत्रात कॉइल 'मुळात नव्हती' की 'कोणीतरी काढली', हे नीट पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आपल्याकडे रंगीत प्रसारण १९८२ साली आले, दिल्लीच्या एशियाडच्या वर्षी. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत शहरांत आणि तालुक्याच्या गावांत गेम पार्लर निघाले. एक कॉइन, एक लाइफ. कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर टू' १९९१ चा, आणि 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' १९९३ चा. या दुसऱ्या गेमचे खरे नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होते? त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या पात्राच्या नावावरून सगळे त्याला 'मुस्तफा' म्हणत. पार्लरमधल्या पेट्या बहुधा इथल्याच सुताराने प्लायवूडच्या केलेल्या, बोर्ड नकली, आणि पडदा म्हणजे घरगुती टीव्हीची ट्यूब. जुना संच फोडून ट्यूब पेटीत बसवताना कॉइल बाजूला राहून जायची. आपल्याकडच्या यंत्रांत ती नसण्याचे हे एक साधे कारण. आपल्या काही वर्गमित्रांना वर्गापेक्षा अशा पेट्यांसमोर शोधणे सोपे होते, हे शिक्षकांना तेव्हाही माहीत होते.

दुरुस्ती करताना

आता प्रत्यक्ष कामाबद्दल थोडे, कारण इतिहासाचा हा भाग कोणत्याही पुस्तकात क्वचितच येतो.

पहिली गोष्ट जिवाची. एकोणीस इंची रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर वीस ते पंचवीस हजार व्होल्ट असतात. यंत्र बंद केले तरी ट्यूब हा भार धरून ठेवते, कारण तिची काच आणि आतले-बाहेरचे लेप मिळून एक कंडेन्सरच तयार होतो. एकदा डिस्चार्ज केल्यावरही थोडा भार पुन्हा वर येतो, म्हणून दुसऱ्यांदा डिस्चार्ज करतात. इलेक्ट्रोहोमच्या जी-०७ सारख्या अनेक जुन्या मॉनिटरची चेसिस मेनपासून वेगळी केलेली नसते. पेटीतला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर काढून थेट वीज जोडली तर बोर्ड जळतो आणि चेसिसला लागलेला हातही. ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. मानेला धक्का लागला तर ती हवा घेऊन मरते, आणि पुढून फुटली तर काचा उडतात. ज्याला याची सवय नाही त्याने झाकण उघडू नये, हे मी हौशी मंडळींना निक्षून सांगतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. पॅच पाहून लगेच कॉइलकडे धावायचे नाही. आधी कंडेन्सर. उष्णतेने इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. म्हणून ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचे घालतात. मग फ्लायबॅक आणि योकच्या पिनांवरचे ड्राय सोल्डर पक्के करायचे. मग व्होल्टेज जुळवायचे. हे झाल्यावर हातातल्या कॉइलने पडदा डिगॉस करून पाहायचा. गोल गोल फिरवत, हळूहळू मागे सरकत, दोन मीटर लांब गेल्यावरच स्विच बंद. पडद्याजवळच स्विच सोडला तर होता त्याहून वाईट पॅच बसतो. हाताने केल्यावर डाग पूर्ण गेला, तर कायमची कॉइल बसवण्यात अर्थ आहे. नाही गेला, तर आदळआपट होऊन जाळी वाकलेली असते किंवा योक आणि प्युरिटीच्या कड्या सरकलेल्या असतात. वाकलेल्या जाळीला डिगॉसिंग हे औषध नाही.

तिसरी गोष्ट सर्किटची. त्यात मोजून चार जिनसा लागतात: फ्यूज, स्विच, पीटीसी आणि कॉइल. पीटीसी ही सिरॅमिकची गोळी. थंड असताना तिचा रोध दहा-वीस ओहम, तापली की तो हजारो पटींनी वाढतो. त्यामुळे सुरुवातीला काही ॲम्पियर प्रवाह जातो आणि एक-दोन सेकंदांत तो आपोआप मावळतो. हळूहळू कमी करण्याचे जे काम मेकॅनिक मागे सरकत जाऊन करायचा, तेच ही गोळी जागच्या जागी करते. फक्त तिला पुन्हा थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटे द्यावी लागतात. लगोलग दुसऱ्यांदा स्विच मारून उपयोग नसतो. अमेरिका-जपानच्या यंत्रातली कॉइल ११० किंवा १०० व्होल्टसाठी गुंडाळलेली असते, ती आपल्या २३० वर लावायची नाही. आणि पीटीसी तापल्यावरही किंचित प्रवाह उरतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि गेमचे चित्र सुमारे ६० हर्ट्झचे, म्हणून तो उरलेला प्रवाह जास्त असेल तर पडद्यावर सेकंदाला दहा वेळा थरथर दिसते. हे टाळायला काही सेकंदांनी कॉइल पूर्ण तोडणारा रिले घातला की काम चोख होते.

ओरिजिनल म्हणजे काय

पिक्चर ट्यूबचा शेवट आपल्या जवळच झाला, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेली. तिचा टीव्हीचा धंदा फ्रान्सच्या थॉमसनने घेतला. आणि २००५ मध्ये थॉमसनचे पिक्चर ट्यूबचे कारखाने विकत घेतले ते औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने. पहिली रंगीत ट्यूब बाजारात आणणाऱ्या कंपनीचा वारसा असा मराठवाड्यातल्या उद्योगाकडे आला. पण तोवर उशीर झाला होता. दोन-तीन वर्षांतच जगात एलसीडीची विक्री ट्यूबच्या पुढे गेली. वेल्स-गार्डनर १९२५ साली सुरू झालेली, तीही २०१४ मध्ये गुंडाळली गेली. आज जी ट्यूब फुटेल, तिच्या जागी नवी मिळत नाही. आहे तीच जपायची.

मग मूळ प्रश्नाकडे येतो. नसलेली कॉइल बसवावी का? माझे उत्तर होकारार्थी आहे, काही अटींवर. पेटीला नवे भोक पाडू नये. मूळ तार कापू नये, जोडणी प्लगने करावी. आणि काय घातले, केव्हा घातले, हे कागदावर लिहून पेटीच्या आत चिकटवावे. युद्धातल्या जहाजांना कॉइल बाहेरून आली. टीव्हीला ती मागाहून आली. पार्लरच्या यंत्रात ती कधी होती, कधी नव्हती, कधी काढून टाकलेली होती. चालत्या वस्तूचा इतिहास म्हणजे तिच्यावर झालेल्या दुरुस्त्यांचाही इतिहास. बंद पडलेली पण अस्पर्श पेटी आणि नोंद ठेवून दुरुस्त केलेली चालती पेटी यांत मला दुसरी जास्त खरी वाटते, कारण ही यंत्रे खेळण्यासाठी बनली होती.

दुरुस्तीची नोंद कोणी ठेवत नाही, ही खरी अडचण आहे. ब्राऊन, गॉस, गुडइव्ह यांची नावे पुस्तकांत आहेत. पण पीटीसी मिळत नसताना काय लावावे, बोर्डाचा नकाशा नसताना दोष कसा हुडकावा, ट्यूब न फोडता जुन्या संचातून कशी काढावी, हे ज्ञान आयटीआय करून छोट्या गाळ्यांत बसलेल्या माणसांच्या हातांत होते आणि ते कुठे लिहिलेले नाही. आपल्या शाळेतून दरवर्षी अशी मुले बाहेर पडली. बॅचच्या यादीत त्यांच्या नावापुढे फारसे काही लिहिले जात नाही. त्यांच्यापैकी जे आज या मेळाव्यात आहेत, त्यांना माझी विनंती आहे की तुमच्या वह्या असतील तर द्या, नसतील तर बोला, मी लिहून घेतो. आठवतील तेवढ्या खुणा, युक्त्या, पर्यायी नंबर, सगळे चालेल.

आणि बाकीच्यांना एक विनंती. माळ्यावर जुना टीव्ही किंवा मॉनिटर पडला असेल तर तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. ट्यूबच्या मागच्या काचेत वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याइतके शिशाचे ऑक्साइड असते, ते मातीत जाण्यासारखे नाही. चालत असेल तर मला कळवा, चालत नसेल तरी कळवा. एखाद्या ट्यूबची मान शाबूत असेल तर तिच्यावर कुठलातरी 'मुस्तफा' पुन्हा धावू शकतो.